तिसऱ्यांतील अंड्यांचे मोजमाप : प्रथिनांची कसोटी

ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला, हे आपण जाणता. खाडीतील तिसऱ्यांत अशी खूण दिसत नाही. शिंपला मांसाने भरलेला दिसला की माल तयार झाला असे समजून काढणी होते. परंतु हा भरलेपणा अन्नसाठ्याचा आहे की अंड्यांचा, हे नजरेला कळत नाही. अंड्यांचा असेल तर आपण पुढील हंगामाचे बियाणेच टोपलीत भरत असतो.

माशाची गाभोळी काढून तिचे वजन करता येते. तिसरीची जननग्रंथी मात्र पचनग्रंथी व पायाच्या मांसात इतकी गुंतलेली असते की ती स्वच्छ वेगळी काढताच येत नाही. दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी मनिला तिसरी या जातीत यावर चांगला तोडगा काढला. पक्व मादीच्या अंड्यांतील प्रथिने सशाला टोचली असता त्याच्या रक्तात नेमकी तीच प्रथिने ओळखून चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग तपासावयाच्या तिसरीचे सर्व मांस वाळवून, वजन करून घोटतात. या अर्कावर प्रतिद्रव्यांची व नंतर रंग आणणाऱ्या द्रव्यांची प्रक्रिया केली की, अंड्यांचे प्रथिन जितके अधिक तितका रंग गडद येतो. या तपासणीस एलायझा म्हणतात. रंग यंत्रावर मोजून अंड्यांचे वजन काढतात. समजा, वाळलेले मांस ५०० मिलिग्रॅम व त्यात अंडी १०० मिलिग्रॅम निघाली, तर अंड्यांचा वाटा २० टक्के झाला. दर पंधरवड्याच्या नमुन्यांत हा वाटा चढत जाऊन एकदम उतरला, म्हणजे माद्यांनी अंडी सोडली. किती सोडली याचाही अंदाज येतो.

मात्र नरात हे प्रथिन नसते व अंडी सोडून रिकाम्या झालेल्या मादीतही ते फारच थोडे उरते. म्हणून सूक्ष्मदर्शकाची जोड हवीच. शिवाय एका जातीसाठी केलेली प्रतिद्रव्ये दुसरीला चालतील असे धरून चालू नये. हे काम प्रयोगशाळेचे आहे, बांधावरचे नव्हे.

केरळातील अष्टमुडी खाडीत डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढणे बंद ठेवतात. या खाडीच्या व्यवसायास २०१४ साली मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्रही मिळाले. पण तेच महिने आपण डोळे मिटून उचलू नयेत. पाऊस व पाण्याचा खारेपणा यांनुसार प्रजननाचा काळ बदलतो. आपल्या खाडीचा काळ ठरविण्यासाठी दर पंधरवड्यास एकाच जागेच्या, सारख्या आकाराच्या तिसऱ्या मत्स्य महाविद्यालयात तपासून घ्याव्यात. मांस काचपट्टीवर घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी अंडी ओळखता येतात. नमुना जिवंत, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावा. गोड्या पाण्यात टाकू नये.