छोट्या विमानाचे इंजिन : इंधन कोणते, काळजी काय



एन.सी.सी.च्या हवाई शाखेत मुलामुलींना विमानांची मॉडेले बनवायला आणि उडवायला शिकवतात. आता बॅटरीवरची मॉडेले पुष्कळ झाली, तरी तेलावरचे छोटे इंजिन अजून टिकून आहे. मुठीत मावणारे हे इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे सहज घेते. ते घरात आले, की ऊसवाल्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "मळीचा स्पिरिट चालंल का ह्यात?"

नाही चालत. मळीपासून होतो तो इथाईल अल्कोहोल. या इंजिनाला लागते ते मिथेनॉल. नावे भावाभावांसारखी, पण गुण निराळे. या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. मग सेल काढला तरी मिथेनॉलची वाफ त्या तारेवर जळत राहते आणि तार लालच राहते. स्पिरिटने हे काम तितके साधत नाही. शिवाय नेहमीच्या स्पिरिटमध्ये शेकडा पाचाच्या आसपास पाणी असते.

मिथेनॉलबरोबर वंगणही इंधनातच घालावे लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठरलेले जुने प्रमाण म्हणजे 80 भाग मिथेनॉल आणि 20 भाग एरंडेल. ट्रॅक्टरचे ऑइल इथे उपयोगाचे नाही. ते मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, वेगळे होऊन बसते. एरंडेल विरघळते आणि इंजिन तापले तरी धरून राहते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी इंजिनेही एरंडेलावरच चालत. जोर वाढवायला काही जण नायट्रोमिथेन घालतात. ते इंजिनाच्या पत्रकात सांगितले असेल तेवढेच घालावे. मॉडेलची 'डिझेल' इंजिने वेगळी. त्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समभाग लागते. एकाचे इंधन दुसऱ्यात घालू नये.

आता चालवण्याची गोष्ट. इंधन कमी-जास्त करायला एक सुई असते. ती आवळत गेले, की आवाज चढतो आणि पोरांना चेव येतो. इथेच इंजिन मरते. इंधन कमी झाले म्हणजे तेलही कमी झाले, आणि थंडावाही. म्हणून आवाज पुरता चढला, की सुई थोडी मागे सोडावी, धुराची रेघ दिसू द्यावी. मग विमानाचे नाक वर धरून पाहावे. आवाज पडला, तर आणखी थोडी सोडावी. नवे इंजिन पहिल्या काही टाक्या ओलेच चालवावे.

मध्येच बंद पडत असेल, तर आधी नळी पाहावी. पाण्याच्या पंपाने हवा धरली, की पाणी तुटते. तसेच इथे बुडबुड्याने होते. मग गाळणीतला कचरा आणि शेवटी प्लगची तार तपासावी. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात उघडा गूळ पाझरतो ना, तसेच. म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवावे आणि आत दोन थेंब तेल सोडावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मिथेनॉल हे विष आहे. थोडे पोटात गेले तरी डोळे जातात, जीवही जातो. 2015 साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे दगावली. हे इंधन पाण्याच्या वा दारूच्या बाटलीत कधीही भरू नका. डब्यावर ठळक 'विष' लिहा आणि डबा कुलपात ठेवा. चुकून कुणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना मिथेनॉलचे नाव सांगा. त्याची ज्योत भर उन्हात दिसतही नाही, म्हणून जवळ विडी-काडी नको आणि पाण्याची बादली हाताशी हवी.

एवढे सांभाळले, तर पोरांना खुशाल उडवू द्या. इंजिनाचा कान त्यांना इथेच लागेल, आणि उद्या तो विहिरीवरच्या इंजिनालाही उपयोगी पडेल.