बेबीताई कांबळे यांची मुलाखत आपण का वाचली पाहिजे?

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ते आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपात. पोतराज, अंगात येणे, आषाढातले देवदेव, सुनांचे हाल आणि बाबासाहेबांच्या हाकेने जागी झालेली वस्ती हे सगळे त्यात आहे. पण या पुस्तकात ‘मी’ फार कमी आहे. जागोजागी ‘आम्ही’ आहे.

तो ‘मी’ सापडतो एका मुलाखतीत. माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला बेबीताईंशी केलेली दीर्घ बातचीत जोडलेली आहे. फक्त मराठी पुस्तक वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

या बातचीतीत बेबीताई सांगतात की त्या लिहीत होत्या हे त्यांनी घरात कितीतरी वर्षे लपवले. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि लिहिलेली पाने कुणाच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवत. पुढे मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते लेखन बाहेर आले. नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दलही त्या मोकळेपणाने बोलतात. सभेसाठी मुंबईला जाताना रेल्वेच्या डब्यातसुद्धा मार बसला होता. चळवळीच्या कामाला निघालेली बाई, आणि मारणारा घरचाच माणूस!

मग हे पुस्तकात का नाही? माया पंडित यांनी ते विचारले. बेबीताईंच्या बोलण्याचा आशय असा की त्यांना समाजाची कहाणी सांगायची होती आणि समाजाचे दुःख हेच त्यांनी आपले मानले होते. हे उत्तर मोठे आहे, पण ऐकताना अस्वस्थही करते. समाजाची लाज राखायला बाईने किती गिळायचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. काही कार्यकर्ते म्हणतील, घरचे धुणे चव्हाट्यावर कशाला? पण बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे असे सांगितले होते. म्हणजे हा विषय चळवळीबाहेरचा नाही.

लेखकाशी संवाद कशासाठी, ते इथे समजते. पुस्तक लेखक ठरवेल तेवढेच सांगते. समोर बसून नीट विचारणारा माणूस असेल तर राहिलेले बाहेर येते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच केले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन त्या बोलल्या. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. नाहीतर त्यातली कितीतरी नावे त्या बायकांबरोबरच संपली असती.

आपल्याकडे मात्र जयंतीला ज्येष्ठ लेखिकेला बोलावतात, शाल-पुष्पगुच्छ देतात आणि पाच मिनिटांत माईक काढून घेतात. सत्कार झाला, प्रश्न एकही नाही. किंवा मग ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ हा प्रश्न. त्यावर कुणीही भाषणच करणार!

त्याऐवजी साधे विचारावे. १९५६ नंतर घरातले देव कुणी काढले? त्या दिवशी घरात कोण रडले, कोण भांडले? सासूने बावीस प्रतिज्ञा मानल्या का? लग्नाची पद्धत बदलली तेव्हा गाणी कोणती राहिली, कोणती गेली? धर्म बदलला म्हणजे रोजच्या जगण्यात काय बदलले, ते अशा तपशिलातून कळते. आधी पुस्तक वाचून जावे, एवढे तरी करावेच. मोबाईलवर रेकॉर्ड करायचे तर परवानगी घ्यावी. छापण्याआधी मजकूर वाचून दाखवावा. त्यांना एखादा भाग नको असेल तर तो काढावा, आपल्याला कितीही आवडला असला तरी.

बेबीताई २०१२ मध्ये गेल्या. त्यांच्या पिढीतल्या, बाबासाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेल्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत. आपल्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यातली एक संध्याकाळ वस्तीतल्या अशा एखाद्या आजीला विचारण्यासाठी ठेवता येईल.