एका दिवसाच्या पिल्लाचा पंख

पुण्याहून सोलापूरकडे जाताना इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर लागतं. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात उसाच्या फडांमधून पोल्ट्रीची लांबच लांब शेड दिसतात. बहुतेकांत ब्रॉयलर असतात, तेही करारावर: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, वीज, राबणूक शेतकऱ्याची. नर काय, मादी काय, पाच-सहा आठवड्यांत दोन्ही वजनावर जातात. त्यामुळे तिथे कुणी निवड करत बसत नाही.

अंड्यांच्या धंद्यात मात्र पिल्लू कवचातून बाहेर आलं त्याच दिवशी हा प्रश्न सोडवावा लागतो. लेअर जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा भरतही नाही. त्याला पोसायचा खर्च उगाच अंगावर पडतो. पण एका दिवसाच्या पिल्लाला ना तुरा, ना आरव. ओळखायचं कशावरून?

पहिलं चांगलं उत्तर जपानमधून आलं. मसुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की पिल्लाची विष्ठा हलक्या दाबाने काढून गुदद्वार किंचित उलटवलं, तर नरात टाचणीच्या डोक्याएवढी गाठ दिसते. ऐकायला सोपं वाटतं. पण बऱ्याच माद्यांनाही तशी बारीक गाठ असते. फरक एवढाच की नराची गोल, तकतकीत आणि घट्ट असते, बोटाने चोळली तरी टिकते. मादीची चपटी असते आणि दबते. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं पाहतो आणि शंभरात एखाद-दुसरंच चुकतो. जास्त दाबलं तर पिल्लू दगावतं, म्हणून डोळ्याइतकाच हातही तयार व्हावा लागतो.

हे ज्ञान सांगता येत नाही, वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी बसूनच येतं, असं मानलं जाई. १९८७ साली बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी एका जुन्या तज्ज्ञाला विचारून नेमकं कुठे आणि कोणता आकार पाहायचा, ते थोडक्यात लिहून काढलं. ते वाचल्यावर नवख्यांची छायाचित्रांवरची ओळख साठ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हाताची सफाई सरावाशिवाय येणार नाही, हे खरंच. पण काय पाहायचं ते नीट सांगितलं तर शिकणाऱ्याची कितीतरी वर्षं वाचतात.

दुसरीकडे पैदासकारांनी नर-मादीची खूण पंखावरच आणून ठेवली. कोंबड्यांत नराला दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी हे आईच्या बीजावर ठरतं आणि मुलीला तिचं एकमेव झेड बापाकडून मिळतं. लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा कोंबडा आणि उशिरा फुटणाऱ्या वाणाची कोंबडी एकत्र आणली, की माद्यांना बापासारखी लवकर पिसं फुटतात आणि नर आईसारखे मागे राहतात. पंख पसरून पाहिला तर मादीची मुख्य पिसं वरच्या पिसांपेक्षा ठळकपणे लांब असतात. नरात दोन्ही ओळी सारख्या असतात किंवा वरचीच लांब. पिसं भराभर वाढतात, त्यामुळे ही पाहणी पहिल्या दिवसातच उरकावी लागते.

वेगळे काढलेले नर बहुतेक मारले जातात; काही स्वस्तात विकले जातात. आठवडी बाजारात रंग लावलेली पिल्लं दिसतात, ती अनेकदा हीच असतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२पासून अशा नरांना मारणं कायद्याने बंद केलं आणि तिथे उबवणी चालू असतानाच अंड्यातला नर ओळखायची यंत्रं आली. आपल्याकडेही हा विचार व्हायला हवा. जन्मल्या दिवशीच जीव टाकाऊ ठरवणारी व्यवस्था अंगवळणी पडली म्हणून ती योग्य होत नाही.

परसातल्या गावरान कोंबडीपुढे मात्र यातलं पंखाचं तंत्र लंगडं पडतं. तिच्यात कितीतरी वाणांचं रक्त मिसळलेलं असतं, त्यामुळे लांब-आखूड पिसांवर भरवसा ठेवता येत नाही. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो, या समजुतीलाही आधार नाही. दीड-दोन महिन्यांनी तुरा लाल होऊन वाढू लागला, पाय जाड दिसू लागले की अंदाज येतो. तिसऱ्या महिन्यात मानेवर आणि कमरेवर टोकदार, चकाकणारी पिसं आली की तो कोंबडा. तलंगेची पिसं गोलसर टोकाचीच राहतात. तेव्हा एका दिवसाच्या गावरान पिल्लांतून नुसता पंख पाहून तलंगा निवडून देतो म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नयेत.