‘इतर’च्या रकान्यातला उमेदवार

वांगणी टीव्हीवर दिसली ती पुरात आणि रुळावर. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांची सुटका देशानं पाहिली. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्थानकातल्या पॉइंट्समननं रुळावर पडलेल्या मुलाला येणाऱ्या गाडीसमोरून वर घेतलं. ते सीसीटीव्ही चित्रण वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा फिरलं. निवडणुकीत मात्र हे गाव, किंवा इथल्या चाळींतून मतं मागत फिरणारा उमेदवार, पडद्यावर शोधावा लागतो. वाहिन्यांच्या पक्षपाताची चर्चा बहुधा निवेदकाच्या आवाजावर आणि मालकाच्या राजकारणावर थांबते. त्या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण मोठा पक्षपात त्याआधीच, कुणाचं चित्रण आयतं मिळतं आणि कुणाचं खर्च करून आणावं लागतं, इथे होऊन जातो.

१५ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, कल्याणमध्ये पंतप्रधानांची सभा झाली. एकाच मंचावर कल्याणचे उमेदवार श्रीकांत शिंदे आणि भिवंडीचे उमेदवार कपिल पाटील. अशा बड्या सभांचं थेट चित्रण अनेकदा पक्षाचीच यंत्रणा करते : क्रेनवरचा कॅमेरा, गर्दीवरून फिरणारी चौकट, भाषणाचा स्वच्छ आवाज. वाहिनीला ते फुकटात मिळतं आणि तासभराची वेळही भरून निघते. त्याच संध्याकाळी पायी फिरणाऱ्या उमेदवाराची बातमी हवी असेल, तर बातमीदार, कॅमेरामन, गाडी आणि अख्खा दिवस लागतो. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला स्ट्रिंगर बहुधा बातमीमागे पैसे मिळवतो. डेस्क काय घेईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि तो तेच पाठवतो. त्याचं स्वतःचं मत कुठलंही असलं तरी रात्रीच्या बुलेटिनचा तराजू एका बाजूला झुकतोच. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजनं २०१४ च्या लोकसभा प्रचारात पाच वाहिन्यांचा रात्रीचा वेळ मोजला होता. नरेंद्र मोदींच्या वाट्याला सुमारे ३३ टक्के, केजरीवालांना १० च्या आसपास, राहुल गांधींना जेमतेम ४ टक्के. आवाज बंद ठेवून मोजलं असतं तरी आकडे हेच निघाले असते.

यावर न्यूजरूमचं ठरलेलं उत्तर असं : लोक मोठ्या नेत्यालाच पाहतात, बातमीचं मोल तिथेच असतं. अर्धं खरं आहे. पण वांगणी-बदलापूर ज्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतं, तिथला २०२४ चा निकाल बघा. सुरेश ऊर्फ बाळ्यामामा म्हात्रे सुमारे ६६ हजार मतांनी जिंकले, कपिल पाटील हरले आणि अपक्ष नीलेश सांबरे यांनी सव्वादोन लाखांहून अधिक मतं घेतली. कुणी कुणाची मतं खाल्ली हे यावरून ठरत नाही, तो गल्लीतला वाद गल्लीतच बरा. मात्र विजयी फरकाच्या तिपटीहून जास्त मतं घेणारा माणूस बातमीच्या मोलाचा नाही, असं कुठल्या हिशेबानं म्हणायचं? वाहिन्यांच्या राज्य पातळीवरच्या आलेखात दोन आघाड्या आणि ‘इतर’ असे तीनच रकाने. सांबरे यांची जागा तिसऱ्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पंचवीस-तीस उमेदवारांना समान वेळ द्यायचा तर बातमीपत्राची यादी होईल. खरंच होईल, आणि समान वेळ कुणी मागतही नाही. दूरदर्शन १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ देतं : काही वेळ सर्वांना सारखा, बाकीचा मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीच्या प्रमाणात. प्रमाण ठरवता येतं, एवढं त्यातून सिद्ध होतं. या सूत्रात अपक्षाला मात्र शून्य मिनिटं, म्हणजे सांबरे इथेही बाहेरच. खासगी वाहिन्यांच्या बातम्यांना तर असं कुठलंच सूत्र लागू नाही. तसं सूत्र सरकारनं लादावं, असंही नाही. ज्याच्या हाती परवाना, त्याच्याच हाती घड्याळ दिलं तर रोग बरा होण्याऐवजी बळावेल. निवडणूक आयोगाच्या जिल्हा माध्यम समित्या पेड न्यूज शोधण्यासाठी वाहिन्यांवर नजर ठेवतातच, पण हिशेब होतो तो उमेदवाराच्या खर्चाचा. त्याच नोंदींत मतदारसंघवार, उमेदवारवार मिनिटांचा एक रकाना वाढवून तो दर आठवड्याला जाहीर केला, तर कुणाच्या बातमीला हात न लावता भिवंडीच्या मतदाराला मतदानापूर्वीच कळेल की कुणाला किती वेळ मिळाला.