दारव्हा: नाव पुसले, लढत उरली

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हा पूर्वी स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. 1985 ते 1999 अशा सलग 4 निवडणुका काँग्रेसचे माणिकराव ठाकरे येथून जिंकले. 2004 मध्ये शिवसेनेच्या संजय राठोड यांनी त्यांना हरवून हा गड घेतला. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि 2009 पासून दारव्हा, नेर, दिग्रस हा पट्टा ‘दिग्रस’ या नावाखाली आला. लोकसंख्येनुसार सीमा नव्याने आखताना अशी जुनी नावे गळतात. त्या भागातले मतदार मात्र तेच राहतात. राठोड 2009, 2014 आणि 2019 मध्ये दिग्रसमधून निवडून आले. 2024 मध्ये, शिवसेनेतील फुटीनंतर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून लढताना, त्यांनी पुन्हा माणिकराव ठाकरे यांचाच पराभव केला.