तुरुंगाऐवजी उपचार : कायद्यातील दोन अपरिचित दारे



रात्री दहानंतर धर्मगुरूंच्या निवासाची घंटा वाजली, तर बहुधा एखाद्या अत्यवस्थ रुग्णाच्या घरून बोलावणे आलेले असते. काही वर्षांपूर्वी अशा वेळी दारात उभ्या राहिलेल्या मातेची विनवणी मात्र निराळी होती. ‘‘फादर, पोराला पोलिसांनी नेलं. खिशात पुडी सापडली म्हणतात. तुमच्या ओळखीनं काहीतरी करा.’’ ओळख वापरणे योग्यही नव्हते आणि माझी तेवढी ओळखही नव्हती. पुढे जामीन झाला. काही तारखांनंतर मुलाने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि तो घरी आला. घरच्यांनी देवाचे आभार मानले. वर्ष सरण्यापूर्वी तोच मुलगा त्याच नाक्यावर पुन्हा पकडला गेला. पहिल्याच वेळी कायद्याने त्याच्यासाठी उपचाराची वाट मोकळी ठेवली होती, हे त्या मातेला ठाऊक नव्हते आणि, सांगण्यास संकोच वाटतो, मलाही नव्हते.

आपल्या देशात या विषयाचा मुख्य कायदा १९८५ सालचा. त्याचे अधिकृत मराठी नाव उच्चारताना धाप लागते, म्हणून ‘एनडीपीएस कायदा’ हेच नाव सर्वत्र रूढ आहे. कठोर म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि व्यापाऱ्यांच्या बाबतीत तो कठोरच आहे. परंतु २००१ च्या दुरुस्तीने त्यात शिक्षेची प्रतवारी आली. बाळगलेला पदार्थ ‘अल्प प्रमाणात’ आहे, ‘व्यापारी प्रमाणात’ आहे की दोहोंच्या मध्ये आहे, यावर शिक्षा ठरू लागली. हेरॉईन, म्हणजे आपल्याकडे ज्याला गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणतात ते, ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी मानले जाते. चरसासाठी हे आकडे १०० ग्रॅम व १ किलो, तर गांजासाठी १ किलो व २० किलो आहेत. नुसत्या सेवनाला कलम २७ लागू होते. हेरॉईन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आता त्या दोन दारांविषयी. पहिले दार कलम ६४-अ चे. सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेईल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जात नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दुसरे दार कलम ३९ चे, आणि ते दोषी ठरल्यानंतर उघडते. आरोपीचे वय, चारित्र्य, पूर्वायुष्य, शारीरिक व मानसिक अवस्था पाहून न्यायालय त्याला तत्काळ कैदेत न धाडता, त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन उपचारासाठी मुक्त करू शकते. एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा लागतो. तो समाधानकारक असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंत अशा गुन्ह्यापासून दूर राहण्याच्या बंधपत्रावर त्याला सोडता येते.

कलम ६४-अ मधील ‘स्वेच्छेने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्ज आरोपीने स्वतः करावयाचा असतो; आपोआप काहीच घडत नाही. मुंबईत २००१ साली कोकेनच्या प्रकरणात पकडल्या गेलेल्या एका चित्रपट अभिनेत्याने उपचार पूर्ण केल्यावर २०१२ साली विशेष न्यायालयाकडून हे संरक्षण मिळवले, तेव्हा वृत्तपत्रे वाचणाऱ्या अनेकांना हे कलम प्रथमच कळले. ज्याच्याकडे जाणकार वकील आहे त्याला दार दिसते. आमच्या त्या मुलासारख्याला दंड भरून मोकळे होणे सोपे वाटते. घरच्यांनाही तेच बरे वाटते, कारण प्रकरण लवकर मिटते आणि शेजारीपाजारी कळत नाही. उपचारकेंद्रात काही आठवडे राहायचे म्हटले की ‘मुलगा कुठे गेला’ हा प्रश्न येतो. दंडाची रक्कम त्यापेक्षा स्वस्त वाटते.

या व्यवस्थेला काही विचित्र कोपरेही आहेत. कायद्यानुसार ‘व्यसनी’ म्हणजे एखाद्या अमली पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती. मग मित्रांच्या आग्रहाला बळी पडून एकदाच गांजा ओढणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाचे काय? तो व्यसनी नाही, म्हणून हे दोन्ही दरवाजे त्याच्यासाठी नाहीत. केवळ सेवनाचा गुन्हा असेल तर परिवीक्षेची, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटण्याची, सवलत मागता येते. परंतु पदार्थ बाळगण्याचे कलम लागले तर अठरा वर्षांवरील व्यक्तीला तीही नाही.

दुसरा कोपरा वजनाचा. नाक्यावर मिळणाऱ्या पुडीत शुद्ध हेरॉईन थोडे आणि भेसळ पुष्कळ असते. केवळ शुद्ध अंश मोजावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निर्णय होता. २०२० साली हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला आणि भेसळीसह संपूर्ण वजन धरावे असे ठरवले. विक्रेत्यांनी भेसळीचा आधार घेऊन निसटू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण नित्याचे व्यसन असलेला मनुष्य दोन-चार दिवसांचा साठा एकदम घेतो आणि ५ ग्रॅमची रेषा ओलांडली की तो दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीच्या वर्गात जातो. उपचाराचे दार तिथे बंद होते. मला हे न्याय्य वाटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्यांना कैदेऐवजी उपचार द्यावेत, अशी सूचना केली होती. व्यसनी आणि विक्रेता यांतील रेषा आखण्याची गरज शासनाच्याच एका विभागाला वाटली, हे त्यातून दिसते.

इतरत्र हा मार्ग जुना आहे. अमेरिकेतील मायामी येथे १९८९ साली पहिले ‘ड्रग कोर्ट’ सुरू झाले. तेथे न्यायाधीश आरोपीला ठरावीक काळाने समोर बोलावून उपचाराची प्रगती तपासतात. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे एकसष्ट टक्के मतांनी ‘प्रस्ताव ३६’ संमत केला आणि जुलै २००१ पासून हिंसाचार न केलेल्या, केवळ स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्या दोषींना तुरुंगाऐवजी उपचार मिळू लागले. विद्यापीठाच्या मूल्यमापनात शासनाचा पैसा वाचल्याचे दिसले. पण उपचार सुरू केलेल्यांपैकी पूर्ण करणारे सुमारे एक तृतीयांशच होते. टीकाकारांना हा आकडा पुरेसा वाटला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना त्यात नवल वाटले नसावे, कारण घसरण हा या आजाराचाच भाग आहे.

‘गर्दुल्ला’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! पुरवठा थांबल्यावर सांधे दुखणे, उलट्या, जुलाब, झोप उडणे या यातनांना व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात. तुरुंगात ती टर्की सोसून बाहेर आलेला मनुष्य बरा झालेला नसतो. त्याचे शरीर तेवढे रिकामे झालेले असते. बाहेर येताच पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतू शकते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ परिच्छेद २२९१ मध्ये अमली पदार्थांचे सेवन गंभीर दोष मानतो. चोरट्या निर्मितीविषयी आणि व्यापाराविषयी तो स्वतंत्रपणे व अधिक कठोर शब्दांत बोलतो. हा भेद आपण प्रवचनात पाळतो, शेजारच्या घराविषयी बोलताना विसरतो.

उपचाराची परंपरा आपल्याकडे आहे. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. वसईतही कृपाचे केंद्र आहे. बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शिष्याने उपचारात योगाला स्थान दिले. त्यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण उभारले. येरवड्यात कारागृह आहे आणि मुक्तांगणही आहे. दोहोंत फारसे अंतर नाही. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते.

आपल्या धर्मग्रामात अशी वेळ कोणावर आली तर आधी वकिलाला स्पष्ट विचारावे : पदार्थ किती वजनाचा दाखवला आहे? कलमे कोणती लावली आहेत? ६४-अ खाली अर्ज करता येईल का? गुन्हा कबूल करण्यापूर्वी हे विचारणे आवश्यक आहे. निवडलेल्या केंद्राला शासनमान्यता आहे याची खातरजमा करावी, अन्यथा तेथील प्रमाणपत्र न्यायालयात उपयोगी पडणार नाही. दाखल झाल्याची व उपचार पूर्ण झाल्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अटकेत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

त्या मातेच्या मुलासाठी दुसऱ्या वेळी हा अर्ज केला गेला. तो केंद्रातून एकदा पळाला, आठवड्याने स्वतःहून परतला. परतला त्या रात्रीही आमच्या दाराची घंटा वाजली होती; आई त्याच्यासाठी स्वच्छ कपड्यांची पिशवी घेऊन आली होती आणि केंद्रावर ती पोहोचवायला सोबत हवी होती.