‘टेन्शन घेऊ नकोस’ हा उपचार नव्हे

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की सल्ले सुरू होतात. विरारमधली शेजारीण जीवदानीला नवस बोलायला सांगते, वसईतली मावशी नोव्हेना सुचवते. दोघींचे शेवटचे वाक्य मात्र एकच असते : ‘‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे होईल.’’ वाक्य मायेचे असते, पण ऐकणारीच्या मनात उलटाच अर्थ उतरतो. मी काळजी करते म्हणून मूल होत नाही. म्हणजे दोष पुन्हा माझाच!

वैद्यकशास्त्र असे म्हणत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी होत्या. आयव्हीएफसारख्या उपचाराआधी चिंता किंवा उदासी जास्त असलेल्या स्त्रियांना त्या खेपेला गर्भ राहण्याची शक्यता कमी होती, असे त्यात आढळले नाही. अतितीव्र ताणाने पाळी चुकू शकते, हे खरे. पण बंद गर्भनलिका मन शांत ठेवल्याने उघडत नाही आणि शुक्रजंतूंची संख्याही बायकोने हसतमुख राहिल्याने वाढत नाही. सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णपणे किंवा अंशतः पुरुषाकडे असते. तरीही वीर्यतपासणीसारखी साधी, स्वस्त चाचणी सर्वांत शेवटी होते, तीही पुष्कळ मनधरणीनंतर.

मूल न झाल्याने मन खचते, हे मात्र निर्विवाद आहे. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्व असलेल्या स्त्रियांमधील चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांइतकेच आढळले होते. आपल्याकडे त्यात हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे, बाप्तिस्मा यांची भर पडते. बोलावणे आले तरी त्रास, टाळले गेले तरी त्रास.

उपचारांचा भारही कमी नसतो. रोजची इंजेक्शने, ठरलेल्या दिवशीच करावी लागणारी सोनोग्राफी, त्यासाठी गर्दीच्या वेळी विरारहून गाठायची लोकल आणि कार्यालयात रजेचे खोटे कारण. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर रक्तचाचणीपर्यंतचे दहा-चौदा दिवस सर्वांत कठीण. या काळात दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे छाती जड होते, पोट फुगते. दिवस गेल्यासारखेच वाटते. मग चाचणी नकारात्मक आली, की आपल्या शरीरानेच फसवले असे वाटू लागते. हे औषधाचे परिणाम आहेत, एवढे आधी सांगितले तरी तो घाव थोडा हलका होतो.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने उपचार केंद्रांवर व्यावसायिक समुपदेशन बंधनकारक केले आहे. यशाची शक्यता, धोके, दुष्परिणाम, खर्च हे सारे जोडप्याला समजावले गेले पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याचदा ते पॅकेजच्या दरांवरच आटोपते. जोडप्याने ते हक्काने मागावे आणि नवऱ्याने सोबत बसावे. अशा आधाराने गर्भ राहीलच असे नाही. पण झोप, भूक, नवरा-बायकोतला संवाद सावरतो. मानसिक थकवा हे उपचार अर्ध्यावर सोडण्याचे एक मोठे कारण आहे, आणि थांबायचेच ठरले तर तो निर्णय कोलमडून नव्हे, विचार करून घेता येतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. नैराश्याची औषधे आधीपासून चालू असतील, तर ‘बाळासाठी’ म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. बाहेर कुणाशी बोलणे शक्य नसेल, तर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.